क्रॅनबेरीचे गुण आणि आपली घाई : या चुका टाळा

आहाराचा सल्ला घ्यायला येणारे बरेच जण क्रॅनबेरी या आंबट लाल फळाच्या रसाची बाटली सोबत घेऊनच येतात आणि बसल्या बसल्या विचारतात, "रोज किती घ्यायची?" कशासाठी घ्यायची हे त्यांनी आधीच ठरवलेले असते, आणि गडबड नेमकी तिथेच झालेली असते. फळ गुणी आहे, त्यावर शंभर वर्षांहून अधिक काळ अभ्यास होत आला आहे आणि त्यातून काही ठोस गोष्टी हाती लागल्या आहेत. तरीही त्याच त्या चुका मी इतक्यांदा पाहिल्या आहेत, की त्या एकदा नीट लिहून काढणे मला आवश्यक वाटते.

जळजळ सुरू झाल्यावर रस प्यायला लागणे

सर्वांत घातक चूक ही आहे, म्हणून तिच्यावरच सर्वाधिक लिहिणार आहे. क्रॅनबेरी हे मूत्रमार्गाच्या संसर्गावरचे औषध नाही. ज्यांना हा संसर्ग पुन्हा पुन्हा होतो, त्यांच्यात तो पुन्हा होण्याची शक्यता काही प्रमाणात कमी करणे, एवढेच तिचे काम आहे. हे का, ते समजून घेतले तर चूक सहसा होत नाही.

मूत्रमार्गाचे बहुतेक साधे संसर्ग ई. कोलाय या जिवाणूमुळे होतात. हा जिवाणू आपल्या आतड्यात राहतो आणि तिथून मूत्रमार्गात शिरतो. त्याच्या अंगावर केसांसारखे बारीक तंतू असतात आणि त्या तंतूंच्या टोकांनी तो मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला घट्ट धरून बसतो, म्हणून लघवीच्या धारेबरोबर वाहून जात नाही. क्रॅनबेरीत प्रोअँथोसायनिडिन नावाची द्रव्ये असतात आणि त्यांची जडणघडण 'ए' प्रकारची असते. ही द्रव्ये ई. कोलायच्या एका विशिष्ट जातीच्या तंतूंची पकड बसू देत नाहीत, हे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. द्राक्षे, सफरचंद, कोको यांतही प्रोअँथोसायनिडिन असतात, पण ती मुख्यतः 'बी' प्रकारची असतात आणि त्यांच्याकडून हे काम तसे होत नाही. त्यामुळे कोणतेही लाल-जांभळे फळ घेतले तरी चालेल, हा समजही चुकीचा आहे.

यात जिवाणू मरत नाही, फक्त त्याला चिकटू दिले जात नाही. जो जिवाणू आधीच चिकटला, वाढला आणि ज्याने अस्तराला सूज आणली, त्याच्यापुढे रसाचा पेला काही करू शकत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंना वर्षातून चार-पाच वेळा असा संसर्ग होत असे. त्यांच्या डॉक्टरांच्या संमतीने मी त्यांना रोज क्रॅनबेरी घ्यायला सुचवले, आणि दोन महिने सगळे सुरळीत गेले. मग एका शुक्रवारी त्यांना लघवी करताना जळजळ सुरू झाली. आपण घेतच असलेली वस्तू वाढवावी, असा विचार त्यांनी केला आणि दिवसाला जवळजवळ लिटरभर रस पिऊ लागल्या. शनिवारी जळजळ किंचित कमी वाटली. इतके द्रव पोटात गेल्यावर लघवी पातळ होते आणि तसे वाटतेच, पण त्यांनी ते रसाचे यश मानले. रविवारी पाठीत, बरगड्यांच्या खाली उजव्या बाजूला दुखू लागले. सोमवारी रात्री हुडहुडी भरून १०३ ताप आला आणि त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत पोहोचला होता. पाच दिवस शिरेतून प्रतिजैविके द्यावी लागली.

त्या बऱ्या झाल्यावर भेटायला आल्या, तेव्हा मी दिलेला कागद त्यांच्या पर्समध्ये होता. त्यावर प्रमाण होते, वेळ होती, "रोज" हा शब्द अधोरेखित केलेला होता. जळजळ, ताप किंवा पाठदुखी सुरू झाली तर काय करायचे, याबद्दल त्यावर एक अक्षरही नव्हते. ती उणीव माझी होती आणि तिचे दुःख मला आजही आहे. त्या दिवसापासून मी असा कोणताही कागद लिहिताना सगळ्यात वर हेच लिहिते : जळजळ, वारंवार लघवीला लागणे, लघवीत रक्त, ताप किंवा कंबरेच्या वर दुखणे यांपैकी काहीही झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे आणि प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी लघवीचा नमुना कल्चरसाठी, म्हणजे त्यातला जिवाणू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी, द्यायचा. प्रमाण आणि वेळ त्याखाली येते. गरोदर स्त्रिया, लहान मुले, मधुमेही आणि पुरुष यांच्या बाबतीत तर एक दिवसही वाट पाहू नये.

याच चुकीला लागून आणखी एक जुना गैरसमज आहे. क्रॅनबेरीने लघवी आम्लधर्मी होते आणि त्यामुळे जिवाणू मरतात, असे पुष्कळ लोक सांगतात. या समजाचे मूळ १९१४ मधल्या एका निरीक्षणात आहे. क्रॅनबेरी खाल्ल्यावर लघवीतून हिप्युरिक आम्ल जास्त बाहेर पडते, असे तेव्हा आढळले होते आणि पुढे अनेक दशके हेच स्पष्टीकरण चालत राहिले. नंतरच्या अभ्यासांत मात्र माणूस पिऊ शकेल इतक्या रसाने लघवीची आम्लता पुरेशी आणि टिकून राहील अशी वाढत नाही, असे दिसले. १९८४ मध्ये जिवाणूंची पकड सैल होण्याकडे प्रथम ठळकपणे लक्ष वेधले गेले. तरीही "आंबट आहे, म्हणजे आतली घाण जाळणार" हे तर्कशास्त्र काही केल्या जात नाही.

बाटलीची पुढची बाजू वाचून समाधान मानणे

ही माझी दुसरी तक्रार. निव्वळ क्रॅनबेरीचा रस इतका आंबट आणि तुरट असतो, की पहिल्या घोटाला डोळे मिटतात आणि जिभेवर कोरड पडल्यासारखे होते. फळाची आम्लता लिंबाच्या जवळपास जाते आणि १०० ग्रॅम ताज्या फळात साखर अवघी चार ग्रॅमच्या आसपास असते. असा रस कोणी आवडीने पेलाभर पिणार नाही, हे उत्पादकांना चांगले ठाऊक आहे. त्यामुळे बाजारातल्या बहुतेक बाटल्यांत तो पाणी आणि साखर घालून सौम्य केलेला असतो. 'क्रॅनबेरी कॉकटेल' म्हणून जे विकले जाते, त्यात प्रत्यक्ष रस साधारण एक चतुर्थांशाहून थोडाच अधिक असतो आणि २४० मिलीलिटरच्या एका पेल्यात ३० ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे सात चमचे.

भेटीला येताना बाटली किंवा डबा घेऊन या, रिकामा असला तरी चालेल, असे मी आता आवर्जून सांगते. मधुमेह असलेल्या एका गृहस्थांनी अशी बाटली आणली होती. पुढच्या बाजूला ओल्या, टपोऱ्या, लालभडक फळांचे चित्र होते आणि त्याखाली "१०० टक्के रस" अशी अक्षरे होती. साखर घातलेली नाही, म्हणून त्यांनी ती निश्चिंतपणे निवडली होती आणि सकाळ-संध्याकाळ एकेक पेला ते तीन महिने घेत होते. बाटली फिरवून मागचा मजकूर आम्ही दोघांनी मिळून वाचला. घटकपदार्थ नेहमी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. तिथे पहिले पाणी होते, दुसरा द्राक्षाचा आटवलेला रस, तिसरा सफरचंदाचा आणि क्रॅनबेरी चौथ्या क्रमांकावर. शंभर टक्के रस होता हे खरे, पण तो मुख्यतः द्राक्षाचा होता, आणि द्राक्षाची साखर ही साखरच असते. त्यांचे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे प्रमाण (एचबीए१सी) ७.१ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर गेले होते आणि औषध वाढवायचे की नाही, याचा विचार चालू होता. बाटली बंद केल्यावर पुढच्या तपासणीत आकडा पुन्हा खाली आला.

माझी पद्धत अगदी साधी आहे. घटकांच्या यादीत क्रॅनबेरी पहिल्या स्थानावर नसेल, तर ती बाटली मी क्रॅनबेरी म्हणून मोजत नाही. रसच घ्यायचा असेल, तर मी बिनसाखरेचा निव्वळ रस थोडासा घेऊन त्यात चौपट पाणी मिसळते, जेवणाबरोबर घेते आणि वर साध्या पाण्याने चूळ भरते, कारण इतका आंबट रस दिवसभर घोटघोट पीत राहिल्यास दातांचे आवरण झिजते. लहान मुलाने दुसरा पेला मागितला, तर ती बाटली पुन्हा एकदा फिरवून पाहावी.

सुकवलेल्या क्रॅनबेरीचीही हीच कथा आहे. साखर न घालता सुकवलेले फळ इतके आंबट होते, की ते खाववत नाही. म्हणून कारखान्यात फळे कापून त्यांतला बराचसा रस आधी काढून घेतात, मग उरलेली फोड साखरेच्या पाकात मुरवून सुकवतात आणि चिकटू नये म्हणून तिला तेलाचा हलका हात देतात. १०० ग्रॅममध्ये साखर ६५ ग्रॅमच्या पुढे जाते. चिमूटभर खाण्याने काही बिघडत नाही, पण "मी रोज मूठभर क्रॅनबेरी खाते" हे आरोग्याचे वाक्य म्हणून मला ऐकवू नये.

कॅप्सूलवरचा मोठा आकडा पाहून भुलणे

कॅप्सूलमध्ये साखर नसते, हा तिचा खरा फायदा. पण डब्यावर "२५,००० मिलिग्रॅम" असे लिहिलेले असले, तर तो आकडा बहुधा ताज्या फळाच्या समतुल्य वजनाचा असतो. कॅप्सूलमध्ये इतके काही मावतच नाही. आपल्याला हवा असतो तो प्रोअँथोसायनिडिनचा आकडा. अनेक अभ्यासांत दिवसाला ३६ मिलिग्रॅम हे प्रमाण वापरले गेले आहे. हा आकडा लेबलवर नसेल, किंवा तो कोणत्या पद्धतीने मोजला हे लिहिलेले नसेल, तर मी तो डबा परत ठेवते. द्राक्षाच्या बियांच्या अर्काची भेसळ झाली, तर साध्या मोजणीत आकडा फुगतो, पण द्रव्य 'बी' प्रकारचे असते.

प्रत्येकाला उपयोग होईल असे धरून चालणे

या विषयावरच्या अभ्यासांचा इतिहास चढउतारांचा आहे. १९९४ मध्ये १५३ वृद्ध स्त्रियांवर झालेल्या एका चाचणीत रोज ३०० मिलीलिटर क्रॅनबेरी पेय घेणाऱ्यांच्या लघवीत जिवाणू आणि पू कमी वेळा आढळले आणि सगळीकडे या फळाचा गाजावाजा झाला. कॉक्रेन या संस्थेने २०१२ मध्ये तोवरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा फायदा आधी वाटला होता तितका नाही, असा निष्कर्ष आला. २०२३ च्या आढाव्यात ५० चाचण्या आणि जवळजवळ नऊ हजार सहभागी होते, आणि आता चित्र बरेच स्पष्ट झाले. वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांमध्ये त्याचा धोका सुमारे एक चतुर्थांशाने, तर मुलांमध्ये आणि एखाद्या वैद्यकीय उपचारानंतर ज्यांना संसर्गाची भीती असते अशा लोकांमध्ये निम्म्याच्या आसपास कमी झाल्याचे दिसले. वृद्धाश्रमात किंवा तशा निवासी संस्थांत राहणारे वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि ज्यांचे मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही असे रुग्ण यांच्यात मात्र फायद्याचा पुरावा मिळाला नाही.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये क्रॅनबेरीच्या पेयांवर आणि पूरक गोळ्यांवर संसर्गाचा धोका कमी होत असल्याचा दावा छापायला मुभा दिली, तीही निरोगी स्त्रियांमधल्या वारंवार होणाऱ्या संसर्गापुरती आणि पुरावा मर्यादित आहे असे सोबत लिहिण्याच्या अटीवर. ही अट लोक वाचत नाहीत. आजीला सारखी लघवीला लागते म्हणून तिला रस पाजणारी नात प्रेमाने ते करत असते, पण आजीला आधी तपासणीची गरज असते.

हृदय, कर्करोग, त्वचा, वजन अशा दहा गोष्टींसाठी क्रॅनबेरी घेणाऱ्यांना मी एवढेच सांगते, की या बाबतीत मूत्रमार्गाइतका पुरावा हाती नाही. १०० ग्रॅम ताज्या फळात १४ मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व आणि साडेतीन ग्रॅम तंतू असतात. चांगलेच आहे, पण त्यासाठी इतर अनेक फळे आहेत.

चालू औषधे न सांगणे

वॉरफेरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय क्रॅनबेरी सुरू करू नये. ब्रिटनमध्ये २००३ मध्ये याबाबत अधिकृत इशारा दिला गेला होता. नंतरच्या नियंत्रित चाचण्यांत माफक प्रमाणात मोठा परिणाम दिसला नाही, तरीही रक्तस्रावाशी खेळ करण्याइतके हे फळ महत्त्वाचे नाही. ऑक्झलेटचे मूतखडे होणाऱ्यांनी तीव्र अर्काच्या गोळ्यांपासून दूर राहावे.

फळ पाण्यात उगवते असे समजणे

लाल फळांचा तलाव आणि त्यात कमरेपर्यंत उभी असलेली माणसे, हे चित्र पाहून क्रॅनबेरी कमळासारखी पाण्यात वाढते, असा समज होतो. प्रत्यक्षात ही उत्तर अमेरिकेतली जमिनीलगत पसरणारी वेल आहे आणि तिला आम्लधर्मी, वाळू मिसळलेली दलदलीची जमीन लागते. वाढीच्या काळात ती पाण्याखाली नसते. शरद ऋतूत फळ तयार झाले, की वाफ्यांत पाणी सोडतात आणि यंत्राने वेली घुसळतात. प्रत्येक फळाच्या आत हवेचे चार कप्पे असतात, त्यामुळे सुटलेली फळे वर तरंगतात आणि ती एका कडेला गोळा केली जातात. अशी भिजलेली फळे रस, सॉस आणि सुकामेवा यांच्याकडे जातात. ताजे विकायचे फळ कोरड्या वाफ्यातून वेगळे काढतात, आणि एकूण पिकात त्याचा वाटा अगदी थोडा असतो.

हे सांगण्याचे कारण असे, की या फळाबद्दलचा आदर त्याच्या खऱ्या इतिहासातून यावा, जाहिरातीतल्या तलावातून येऊ नये. उत्तर अमेरिकेतले मूळ रहिवासी सुके मांस, चरबी आणि ही आंबट फळे कुटून पेमिकन नावाचा टिकाऊ खाऊ करत असत. मॅसॅच्युसेट्समधल्या केप कॉड भागातल्या डेनिस गावी हेन्री हॉल यांच्या लक्षात आले, की जिथे वाऱ्याने वाळू उडून वेलींवर पडते, तिथे फळ अधिक धरते. १८१६ च्या सुमारास त्यांनी मुद्दाम वाळू पसरून लागवड सुरू केली. आजही हिवाळ्यात वाफ्यांवरचे पाणी गोठले, की बर्फावर वाळू पसरतात आणि बर्फ वितळल्यावर ती आपोआप वेलींवर बसते. आता अमेरिकेच्या पिकाचा निम्म्याहून मोठा वाटा विस्कॉन्सिन राज्यातून येतो.

ताजे फळ मिळालेच तर ते टणक आहे ना, हे पाहावे. चांगले फळ टेबलावर टाकले तर उसळते, आणि जुन्या काळी फळे निवडण्याची लाकडी यंत्रे याच गुणावर चालत असत. शीतकपाटात ते कित्येक आठवडे टिकते आणि गोठवले तर बरेच महिने. पिठात खाण्याचा सोडा जास्त पडला, की फळाभोवती निळसर-हिरवा डाग दिसतो. तो रंगद्रव्याचा बदल असतो, पदार्थ फेकू नये.

आठ दिवसांत निकाल मागणे

"दहा दिवस घेतले, काही फरक नाही" हे वाक्य मला सर्वांत जास्त थकवते. जो संसर्ग वर्षातून चार वेळा होतो, त्यात फरक पडला की नाही, हे दहा दिवसांत कसे कळणार? लघवीतला पकड रोखणारा परिणाम दिवसाभरात ओसरतो, म्हणून खंड न पाडता रोज घ्यावे लागते आणि हिशोब किमान सहा महिन्यांचा ठेवावा लागतो. शिवाय पाणी पिणे टाळून नुसत्या कॅप्सूलवर विसंबणारे लोक तर फारच आहेत. वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या १४० स्त्रियांवरच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रोज दीड लिटर जास्तीचे पाणी पिणाऱ्यांना वर्षभरात सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, तर इतरांना ३.२ वेळा. म्हणून मी आधी पाणी वाढवते आणि मग क्रॅनबेरीचा विचार करते.

प्रत्येकाला मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत खूण करायला सांगते. रुग्णालयात जाऊन आलेल्या त्या बाईंनी हे मनावर घेतले. गेल्या आठवड्यात त्या दोन्ही वर्षांच्या दिनदर्शिका गुंडाळून घेऊन आल्या होत्या. आधीच्या वर्षात पाच लाल गोल होते, या वर्षात दोन आहेत. श्रेय पाण्याचे किती आणि फळाचे किती, हे मी सांगू शकत नाही. पण दुसऱ्या गोलाशेजारी त्यांनी बारीक अक्षरात "कल्चर दिले" असे लिहिले आहे, आणि ते जळजळ सुरू झाली त्याच तारखेच्या चौकटीत आहे.